तिसरी पात

डाउनलोड शेवटाला येऊन पुन्हा अडकलं, तेव्हा अंगदने कीबोर्ड दोन्ही हातांनी उचलला. आपटावा की नको याचा क्षणभर विचार केला, नवा घ्यायला जालन्यापर्यंत जावं लागेल हे आठवलं, आणि हळूच होता तिथे ठेवून दिला.

पुण्यातली नोकरी सोडून जाफराबादेत ऑफिस थाटायचं, ही कल्पना त्याची स्वतःची. त्यामुळे शिव्या घालायला दुसरं कुणी हाताशी नव्हतं. बसस्टँडच्या रस्त्यावर बी-बियाण्यांचं दुकान होतं, त्याच्या माडीवरची ही खोली. खालून फवारणीच्या औषधांचा उग्र वास यायचा, खिडकीतून धूळ यायची, आणि जीपवाले 'भोकरदन, भोकरदन' असं ओरडायचे ते मीटिंगमध्ये पुण्यापर्यंत स्पष्ट ऐकू जायचं. लाईट तर माहेरवाशिणीसारखी यायची, आली म्हणेपर्यंत निघालेली.

काम मात्र मोलाचं होतं. जिनिंगमध्ये कापसातून सरकी काढणारे रूळ फिरतात. त्यांत काही अडकलं की बाया हात घालून ते ओढून काढतात, आणि एखाद्या दिवशी हातच आत जातो. हात जवळ आला रे आला की रूळ जागच्या जागी थांबवणारी एक पेटी पुण्याच्या एका कंपनीने बनवली होती. पेटीच्या पोटातला प्रोग्रॅम लिहायचं काम अंगदच्या ऑफिसकडे. पहिली पेटी बसणार होती गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये, आणि कापसाचा हंगाम तोंडावर आला होता.

ऑफिस म्हणजे तीन माणसं. अंगद, करण आणि साक्षी. करण हुशार, पण कुठलीही चूक दाखवली की त्याचं उत्तर ठरलेलं, 'सर, माझ्या मशीनवर तर बराबर चालून राह्यलं.' ते वाक्य ऐकून ऐकून अंगदचं डोकं उठलं होतं. म्हणूनच त्याने हे कंटेनरचं लफडं अंगावर घेतलं. कंटेनर म्हणजे संगणकाच्या आत उभा केलेला एक कोरा संगणक. सगळ्यांसाठी एकाच कृतीने बनलेला, कुणाचा जुना कचरा त्यात नाही. कुणीही नवा बदल पाठवला की यंत्राने आपोआप असा एक कोरा कंटेनर उभा करायचा, त्यात प्रोग्रॅम बांधायचा, चाचण्या घ्यायच्या आणि कंटेनर मोडून टाकायचा. मग माणसांनी तो बदल वाचायचा. कंपनीची अट कडक होती. लिहिणारा सोडून आणखी दोघांनी वाचून संमती दिल्याशिवाय एक ओळसुद्धा पेटीत जाणार नाही.

सगळं सुरळीत उभं राहिलं, आणि त्याच आठवड्यात करण हैदराबादच्या नोकरीवर निघून गेला. वाटेतून मेसेज टाकला, तोही हसऱ्या चेहऱ्यासकट.

"आता दोन संमत्या आणायच्या कुठून?" अंगद खोलीत येरझाऱ्या घालत म्हणाला. "साक्षी, करणच्या जागी माझंच दुसरं खातं टाक. नवा माणूस मिळेपर्यंत दोन्ही संमत्या मीच देतो."

"न्हाई सर," साक्षी म्हणाली. एरवी ती त्याला कधी नाही म्हणत नसे. "माझी आई बसती जिनिंगच्या मशीनवर."

ते खरं होतं. ही मंडळी मूळची धावडा गावची, आता मायलेकी जाफराबादेत भाड्याच्या खोलीत राहत होत्या, आणि तिची आई दैवशालाबाई हंगामात त्याच जिनिंगला रोजाने जायच्या. अंगदला लाज वाटली, आणि लाज वाटल्यामुळे तो आणखी चिडला.

"बरं, मग काय केलंस?"

"संमतीच्या यादीतून करण सरांचं नाव काढलंय. जागा तशीच ठेवली."

"रिकामी?"

"हो. आमच्यात सावडीला तसंच करतेत, सर."

सावड त्यालाही माहीत होती. आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या रानात. पैशाचं नाव नाही, कामाची फेड कामानेच. पण साक्षी सांगत होती ते त्याने कधी ऐकलेलं नव्हतं. खुरपणीला जो तो आपापल्या वाट्याची ओळ, म्हणजे पात, धरून पुढे सरकतो. सावडीतलं एखादं माणूस आलं नाही, तर साक्षीच्या घरी त्याची पात इतरांत वाटून घेत नसत. मोकळीच ठेवत.

"मंग कुणीतरी येतं धुऱ्यावरून, म्हंजी बांधावरून, ती पात धरतं," ती सहज म्हणाली. "आई म्हणती, त्याला नाव विचारायचं न्हाई. त्याच्या रानाला बोलावलं की जायचं."

"हे सॉफ्टवेअर आहे, साक्षी."

"हो सर."

"उद्या ती जागा काढून टाक."

उद्या लाईट नव्हती, परवा नेट नव्हतं, आणि जागा काढायची राहून गेली.

*

पहिली संमती आली ती अंगदच्या स्वतःच्या बदलावर. साक्षीने वाचून हिरवी खूण केली होती. तिच्याखाली आणखी एक हिरवी खूण होती, आणि शेजारी एकच शब्द लिहिलेला. 'बराबर.' नावाची जागा कोरी.

अंगदने करणला फोन लावला. "आमच्या खात्यात कशाला शिरतोस?"

"देवाशपथ सर, मी पासवर्डसुद्धा विसरलो. काय झालं?"

त्याने सगळे पासवर्ड बदलले. सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. बराच वेळ गाणं ऐकवल्यावर एक मुलगा बोलला, "सर, नावाशिवाय संमती नोंदवता येत नाही."

"नोंदवली गेलीय. माझ्या समोर दिसतेय."

"येत नाही, सर."

"अरे, मला दिसतेय!"

"आणखी काही मदत करू शकतो का, सर?"

अंगदने फोन ठेवला आणि सगळंच मुळापासून उपटलं. सर्व्हर पुसला, कंटेनरची कृती नव्याने लिहिली, साक्षीने ठेवलेली ती जागा स्वतःच्या हाताने काढली. दुपारभर यंत्राचा पंखा घरघरत होता. संध्याकाळी सगळं कोरं करकरीत उभं राहिलं. त्याने गंमत म्हणून एक साधा बदल पाठवला आणि चहा प्यायला खाली उतरला. परत आला तेव्हा जागा होती तिथे होती, आणि तिथून संमती आली होती. 'बराबर.'

"तू परत ठेवलीस ती जागा?"

"न्हाई सर," साक्षी म्हणाली. ती पडद्याकडे बघत नव्हती. "एकदा धरली की काम होईस्तोवर कुणी पात सोडतं का?"

अंगदला कुणाच्या तरी अंगावर धावून जावंसं वाटत होतं, पण जावं कुणाच्या? नुकसान काहीच होत नव्हतं. कंपनीला दोन संमत्या हव्या होत्या, त्या मिळत होत्या. पुण्याहून उलट शाबासकी आली, की तुमचं काम वेगाने चाललंय. हंगाम कुणासाठी थांबणार नव्हता. त्याने दात ओठ खाऊन ते तसंच चालू दिलं. नंतर एकदा सवडीने बघू म्हणाला.

मग रस्त्याच्या खोदकामात कुणाच्या तरी जेसीबीने नेटची केबल तोडली. अख्ख्या रस्त्याला नेट नव्हतं. खालचा दुकानदार खोदणाऱ्यांच्या नावाने बोंबलत होता. साक्षी वहीवर काहीतरी आकडेमोड करत बसली होती, आणि अंगद मोबाईल खिडकीबाहेर धरून रेंज शोधत होता. त्याने सहज मागे वळून पाहिलं. ऑफिसच्या यंत्रावर कंटेनर उभा राहत होता. कुणी काही पाठवलेलं नव्हतं. ओळी भराभर वर सरकत होत्या, प्रोग्रॅम बांधला जात होता, चाचण्या एकेक करून पार पडत होत्या.

शेवटी त्यांच्या पेटीच्या प्रोग्रॅमवर, या वेळी हिरव्या खुणेऐवजी लाल खूण उमटली. आणि शेजारी:

'लाईट आल्यावर लगेच चालू करू नका. आत हात असतेत.'

अंगदने ती ओळ पुन्हा वाचली. बाहेर जीपवाला ओरडत होता.

"चाचण्या सगळ्या पास आहेत," अंगद अखेर म्हणाला.

"चाचण्या कंटेनरात होतेत सर. तिथली लाईट कुठं जाती?"

टेबलावर नमुन्याची पेटी होती, तिला जोडलेली छोटी मोटर आणि एक रूळ. अंगदने मोटर चालू केली, रुळाजवळ हात नेला. रूळ थांबला. नेहमीसारखाच. मग त्याने भिंतीवरचं बटण बंद करून लाईट गेल्याचं नाटक केलं. जिनिंगमध्ये लाईट गेली की बाया काय करतात, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. रूळ थांबलेत तोवर आत अडकलेलं काढून घेतात. साक्षीने रुळात कापसाचा पुंजका कोंबला आणि हात मागे घेतला. अंगदने बटण दाबलं.

पेटीला जाग यायच्या आधी मोटर फिरली. पुंजका सर्रकन आत गेला, त्याची दोरी झाली आणि रुळाला घट्ट बसली.

साक्षीने स्वतःचा हात दुसऱ्या हातात धरला. "हीच पेटी जिनिंगला गेली असती, सर," ती म्हणाली. अंगदने मोटर बंद केली. त्या अनोळखी, बिननावाच्या कुणाचे तरी आभार मानावेत असं त्याला मनापासून वाटलं, आणि लगेच आपण हे काय करतोय म्हणून स्वतःचाच राग आला.

*

दुरुस्ती त्यांनी पोटतिडकीने केली. लाईट आली तरी माणसाने स्वतः बटण दाबेपर्यंत रूळ हलणार नाही, असं केलं. पेटी बसवायच्या आदल्या दिवशी शेवटचा बदल गेला. साक्षीची संमती आली, कोऱ्या जागेचीही आली. आता फक्त शेवटचा बिल्ड, म्हणजे पेटीत जाणाऱ्या प्रोग्रॅमची बांधणी, व्हायचा होता.

तो होईना. रांगेत त्याच्या पुढे दुसरं काहीतरी उभं होतं. एक बदल, वाचायला पाठवलेला. पाठवणाऱ्याचं नाव कोरं. आत एकही ओळ लिहिलेली नव्हती, एकही खोडलेली नव्हती. त्याला दोन संमत्या हव्या होत्या, एक अंगदची, एक साक्षीची. खाली लिहिलं होतं, 'आता आमचं रान राह्यलंय. दोघं या.'

अंगदने तो बदल नाकारला. तो पुन्हा रांगेत पहिला. पुसला, तरी पहिलाच. पुण्याहून फोनवर फोन येत होते, जिनिंगचा मालक विचारत होता की बायांना कामावर बोलावू का. खाली दुकानात कुणीतरी मोठ्याने टीव्ही लावला होता.

"संमती देऊन टाक," तो म्हणाला. "दे, आणि पुढे सरकू दे एकदाचं."

"सर, सावडीला हो म्हणलं की जावं लागतं."

"मग जा! पण आधी हा बिल्ड सोडव. कंटाळा आलाय मला या सगळ्याचा!"

साक्षीने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग बटण दाबलं. तिच्या नावापुढे हिरवी खूण उमटली आणि रांग मोकळी झाली. त्यांचा बिल्ड निर्विघ्न पार पडला. तो कोरा बदल बाजूला जाऊन बसला होता, एक संमती बाकी असलेला. अंगदने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

*

सकाळी साक्षी ऑफिसात आली नाही. तिची स्कूटी मात्र खाली उभी होती. अंगदला वाटलं, परस्पर जिनिंगला गेली असेल.

पेटी बसली. मालकाने मुद्दाम लाईट घालवली, पुन्हा आणली. रूळ हलले नाहीत. बायांनी टाळ्या वाजवल्या. दैवशालाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अंगदजवळ आल्या.

"पोरगी कुठंय, बाई?" त्याने विचारलं.

"सावडीला गेलीय की, भाऊ. पहाटंच निघाली. तुमच्याच कामाची फेड हाय म्हनली."

"कुणाच्या रानात?"

"ते कुठं इचारत्यात?" दैवशालाबाई म्हणाल्या. त्याच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचं हसू हळूहळू कमी झालं. "येईल ना ती, भाऊ?"

तो ऑफिसात परतला. साक्षीच्या टेबलाच्या खणात तिचा मोबाईल होता, बंद केलेला. यंत्राचा पंखा जोरात चालला होता. एक कंटेनर उभा होता, आणि काम संपूनही मोडला गेला नव्हता. त्या कोऱ्या बदलाखाली नवा मजकूर आला होता. या वेळी नावाची जागा कोरी नव्हती. साक्षीचं नाव होतं.

'सर, पोचले. खुरपून राह्यले.'

अंगदने लिहिलं, 'कुठे आहेस? आत्ता कसली खुरपणी? लोकांचा कापूस वेचणीला आलाय.'

उत्तर आलं नाही.

त्याने पोलिसांत तक्रार दिली. ठाण्यातल्या साहेबाने तिचं कुणाशी काही होतं का, हे वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं आणि अंगदकडे बराच वेळ बघत राहिला. दैवशालाबाईंनी जिनिंगला जाणं सोडलं. त्या सकाळी भाकरी बांधून आणायच्या, लेकीच्या वाट्याची, आणि माडीच्या जिन्यावर बसून राहायच्या. त्यांनी त्याला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

मजकूर अधूनमधून येत राहिला.

'सर, रान लई मोठंय.'

मग, 'धुरा दिसंना.'

करणला फोन केला तर तो म्हणाला, कंटेनर बंद करा सर, सगळं आपोआप जाईल. कंटेनर मोडणं हे अंगदचं रोजचं काम होतं. त्याने बटणावर बोट ठेवलं. आणि ती आत असली तर?

त्याने बोट काढून घेतलं. खालच्या दुकानदाराकडून मोठा इन्व्हर्टर मागून आणला आणि यंत्राला जोडला.

दुपार कलत होती. जिन्यावर दैवशालाबाई कुणाला तरी वेळ विचारत होत्या. पडद्यावर ओळ उमटली.

'सर, दोघांचं काम एकटीला उरकंना.'

त्याने वाचलं. उठून खिडकी लावली. परत येऊन बसला.

'तुम्ही आले की मला सुट्टी हाय म्हणतेत.'

खाली ते बटण होतं. एक संमती बाकी.

अंगदला भयंकर राग आला. नेटचा, लाईटीचा, करणचा, त्या कोऱ्या जागेचा. सगळ्यांत जास्त स्वतःचा. मग जाणाऱ्या लाटेसारखा तो रागही ओसरला आणि फक्त थकवा उरला.

"भाऊ," बाहेरून दैवशालाबाईंचा आवाज आला. "भाकर वाळून जाईल. तुमीच खाता का?"

"नको बाई," तो म्हणाला. "तिच्यासाठी राहू द्या."

त्याने बटण दाबलं.

हिरवी खूण उमटली. यंत्राचा पंखा थांबला. खोलीत एकाएकी इतकी शांतता झाली की रस्त्यावरचं ओरडणंही ऐकू येईना.

मग जिन्यावर पावलं वाजली. भाकरीचं फडकं खाली पडल्याचा आवाज झाला. "आलीस का गं माय," दैवशालाबाई रडत म्हणाल्या. "किती काळी पडलीस!"

"आई, सर कुठंयत?" साक्षीचाच आवाज. दमलेला, अगदी दारापाशी.

"आत हायेत की."

दार उघडल्याचं त्याने ऐकलं. तो खुर्चीतच होता, तिच्याकडे वळून बघत होता. साक्षी उंबऱ्यात उभी होती, आणि त्याच्या खुर्चीवरून तिची नजर भिंतीपर्यंत गेली, खिडकीपर्यंत गेली, परत आली.

"इथं कुणी न्हाई, आई," ती म्हणाली.

अंगदने हाक मारत उठायला पाय टेकवले. तळव्यांखाली फरशी नव्हती. माती होती, थंड, नुकतीच खुरपलेली.